मिळाल्याचे कळवावे

एसटीचा कंडक्टर घंटी मारण्याआधी सवयीनं ओरडतो, "चला, कुणी राहिलंय का?" त्याला उत्तर नको असतं. भरलेल्या गाडीत कुणी उत्तर देतही नाही. बाई मात्र द्यायच्या. मागच्या बाकावरून मान उंच करून, सगळी गाडी नीट बघून, खणखणीत आवाजात सांगायच्या, "न्हाई, कुणी ऱ्हायलं न्हाई, जाऊ द्या." पहिल्यांदा त्यांच्याबरोबर प्रवास केला तेव्हा मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. पुढं सवय झाली. आता तर एकटी जाताना कंडक्टरनं विचारलं आणि गाडी गप्प राहिली, की मलाच चुकल्यासारखं होतं.

कुणी काही विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही, हे बाईंना सहनच व्हायचं नाही. टीव्हीवर बातम्या सांगणारी नमस्कार म्हणाली की बाईही हात जोडून नमस्कार म्हणत. सभेत वक्त्यानं 'आहे का हे तुम्हाला मान्य?' असं नुसतं टाळ्यांसाठी विचारलं, तरी बाई उभ्या राहून काय मान्य आणि काय नाही ते सांगू लागत. शेजारच्या दुकानदाराला त्यांनी एकदा नमस्कार केला आणि तो पेपरात तोंड घालून बसून राहिला. त्या दिवसापासून बाईंनी त्याच्याशी संबंध तोडले. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय केलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली सांगलीत, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. बसस्टँडजवळ एका मसाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं ई-मेल सेंटर होतं. खालून हळदीचा वास यायचा, तो कॉम्प्युटरच्या आतसुद्धा जाऊन बसला होता. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. हळदीचे, बेदाण्याचे व्यापारी आणि ज्यांची पोरं परदेशी आहेत अशी खेड्यापाड्यातली माणसं आमच्याकडे येत, मजकूर तोंडी सांगत आणि आम्ही तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवत असू. उत्तर आलं की मी ते छापून, खाली देवनागरीत हातानं लिहून देई. त्याआधी मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बोटं चालायची, तोंड चालत नव्हतं. आमच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती. वडील जेवताना मीठ हवं असेल तर बोट दाखवायचे.

अशी मी, आणि समोर बाई. पहिल्याच दिवशी त्या मला काम समजावून सांगत होत्या आणि मी शांतपणे ऐकत होते. मध्येच थांबून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हटलं, "हॅलो? हॅलो?"

मी म्हटलं, "ऐकतेय ना बाई."

"मला कसं कळावं? हं म्हण की गं मधनं मधनं. लाइन हाय का तुटली, त्ये तरी समजंल."

मला राग आला. पण हं म्हटलं. त्यानंतर किती वर्षं हं म्हणत राहिले कोण जाणे.

बाई माण तालुक्यातल्या. दहिवडीजवळच्या बौद्धवाड्यातून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, बाहेरगावचे कॉल वायरींनी जोडून द्यायचं काम. सगळी उमेदीची वर्षं कानाला हेडफोन आणि हातात वायरी. त्यामुळे त्यांचे आवाज दोन होते. रिसीव्हर कानाला लागला की रेडिओवर शोभावं असं मराठी, "नमस्कार, आपण कोण बोलत आहात?" आणि रिसीव्हर खाली ठेवला की लगेच, "कोन हाय कुनास ठावं, लय खोकतंय बिचारं." चिडल्या किंवा गहिवरल्या की हा दुसरा आवाज फोनवरसुद्धा यायचा. त्यावरून मला ओळखता यायचं.

पुढं डायल फिरवून लोक आपले आपणच साताऱ्याहून मुंबईला बोलायला लागले. वायरींचा बोर्ड गेला. बाईंना टेबलखुर्ची देऊन कागदांच्या कामाला बसवलं. तिथं त्या फार दिवस टिकल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "कागद काय हं म्हनत न्हाई." मग राजीनामा, मग फोनचा बूथ, मग हे ई-मेल.

ई-मेलवर त्यांचा आधी विश्वासच नव्हता. आवाज नाही, श्वास नाही. पाठवला मजकूर तर समोरच्यानं ऐकला की नाही, कळणार कसं? म्हणून त्यांनी एक नियम केला. आमच्या सेंटरमधून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या शेवटी एक ओळ असायचीच: मिळाल्याचे कळवावे. हळदीचा भाव असो, वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत, सुतक असो. व्यापारी थट्टा करायचे. एक जण म्हणाला, "बाई, मी त्याला शिव्या घातल्यात, त्यो काय कळवणार?" बाई म्हणाल्या, "शिव्या मिळाल्या म्हनून कळवंल की!" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी समोरच्याचं उत्तर आलं आणि त्यात मिळाल्या असं लिहिलं होतं. बाई दिवसभर खुशीत होत्या.

आणखी एक. बाई फोन कधीही आधी ठेवत नसत. बोलणाऱ्या पार्टीनं ठेवल्याशिवाय ऑपरेटरनं लाइन सोडायची नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. शेवटची काही वर्षं त्या साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या आणि रविवारी मला फोन करायच्या. बोलणं संपलं की दोन्हीकडे शांतता. मी ठेवते म्हटलं की त्या म्हणत, "ठेव." मग मी ठेवायची. शेवटी शेवटी त्यांना दम लागायचा. तेव्हा एका रविवारी मला ठेववेना. मी म्हटलं, "बाई, आज तुम्ही ठेवा." त्या म्हणाल्या, "मला येत न्हाई गं त्ये." आम्ही दोघी रिसीव्हर धरून तशाच बसलो. पलीकडे त्यांच्या बहिणीच्या घरातली भांडी वाजताना मला ऐकू येत होती. माझं त्या बाईवर फार प्रेम होतं. हे तोंडानं सांगायला मी शिकले नाही, पण हं म्हणायला शिकले, आणि त्यांना ते पुरायचं.

पण बाईंची गोष्ट सांगायची तर ती आबांची सांगितल्याशिवाय पुरी होत नाही.

आबा कवठे महांकाळच्या बाजूचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरची थोडी द्राक्षबाग. एका शनिवारी जिना चढून आले आणि दारातच पाय जुळवून उभे राहिले. धाकटा मुलगा मस्कतला होता. चार वर्षं बापलेकांचं बोलणं नव्हतं. आबांनी त्याला सैन्यभरतीला नेलं होतं, आणि तो ऐनवेळी रांगेतून पळाला. आबांनी चारचौघांत सांगून टाकलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्यानं ते मनावर घेतलं. मुंबई, तिथून मस्कत. गावातल्या एका पोरानं त्याचा ई-मेल पत्ता आणून दिला, तो कागद खिशात ठेवून आबा कितीतरी दिवस फिरत असावेत; घड्यांवर तो फाटला होता.

"लिवा," आबा उभ्यानंच म्हणाले. "आबा लिवतोय. तू सैन्यात गेला न्हाईस, त्यात तुजं काय चुकलं न्हाई. चूक माजी. दिवाळीला यं."

मी टाइप करून वर बघितलं. बाईंनी विचारलं, "आनि काय, आबा?"

"आनि काय न्हाई."

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी खाली लिहिलं, मिळाल्याचे कळवावे.

गणपती नुकतेच गेले होते. दिवाळी लांब होती.

नेमकं त्याच सुमारास आम्ही मेल सर्व्हर बदलला. आमचं जुनं खातं मुंबईच्या एका कंपनीकडे होतं. तिथं मोडेमनं डायल करायचं म्हणजे लाइन लागेपर्यंत माणसाचं आयुष्य जायचं. नव्या कंपनीचा नंबर सांगलीतलाच होता. पुण्याहून एक तरुण इंजिनियर आला, चांगला होता, नम्र होता. त्यानं सगळं बदलत आणलं तशा बाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"जुनं एकदम तोडायचं न्हाई हां," त्यांनी बजावलं. "आमच्याकडं नवा बोर्ड बसला की जानारे कॉल नव्यावरनं आनि येनारे काय दिवस जुन्यावरनंच. नवा पक्का झाला, की मग जुना काढायचा."

"बाई, ह्याला तशी गरज नसते," तो म्हणाला.

"गरज नसंना. ठेवा."

त्यानं दोनदा समजावलं. बाई हटेनात. मेल पाठवताना उत्तर कुठं यावं यासाठी एक वेगळा रकाना असतो. त्यात त्यानं जुनाच पत्ता राहू दिला. "ठेवलंय बाई जुनं चालू," असं म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. बाई समाधानानं म्हणाल्या, "पोरगं ऐकनारं हाय."

आणि आमच्याकडे उत्तरं यायची बंद झाली.

हे लगेच लक्षात आलं नाही, कारण मेल येत होते. नवा पत्ता आम्ही ज्यांना कळवला होता त्यांचे आपणहून लिहिलेले मेल धडाधड येत. पण आम्ही काही पाठवावं आणि त्याला उत्तर यावं, हे होईना. बेदाणेवाले कुरकुरू लागले. एका आईनं मुलाला चार मेल पाठवले, मग इथं बसून रडली. बाईंनी पुण्याला फोन लावला. त्या मुलानं तिकडून एक मेल पाठवला, तो क्षणात आला. तो म्हणाला, "बाई, सर्व्हर व्यवस्थित आहे." आणि तो खरंच व्यवस्थित होता.

आबा दर शनिवारी यायचे. दारात उभे राहायचे, नुसत्या भुवया उंचवायचे. बाई मान हलवायच्या. ते बसायचे नाहीत, पाणी प्यायचे आणि जायचे. दसरा गेला. त्यानंतरच्या शनिवारी ते आत येऊन पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"ऱ्हाऊ द्या बाई आता," ते म्हणाले. "त्येनं बरोबरच क्येलं. मी बी त्येच्या जागी असंच क्येलं असतं."

"आवं आबा, उत्तर आलं न्हाई म्हंजे दिलं न्हाई, असं नसतंय."

"चार वर्सं मी दिलं न्हाई, त्येनं चार आठवडं दिलं न्हाई. हिशोब त्येच्याच बाजूचा हाय."

ते गेले आणि पुढच्या शनिवारी आले नाहीत. बाई दिवसभर दाराकडं बघत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "मानूस उत्तर देतोय गं. लाइन खराब असती. मानूस खराब नसतोय. तीस वर्सं कानानं ऐकलंय मी." मला वाटलं, ही बाईंची भाबडी समजूत आहे. काही माणसं उत्तर देत नाहीत, हे मला माझ्या घरात बसून चांगलं माहीत होतं.

सोमवारी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या. "एक्स्चेंजात लाइन तपासायची म्हंजे हितनं बोलून भागत न्हाई. पलीकडं जाऊन बसावं लागतं."

पलीकडं म्हणजे साताऱ्याला. खरं तर शेजारच्याच दुकानात आता ई-मेलची सोय झाली होती, पण दुकानदार तोच, पेपरात तोंड घालणारा! त्याच्या पायरीवर बाई पाय ठेवणार नव्हत्या. त्यापेक्षा एसटीनं सातारा त्यांना सोपं होतं. बहिणीच्या ओळखीतल्या एका मुलीनं तिथं नवं खातं उघडून दिलं. दुपारी मोडेमशिवायच्या दुसऱ्या लाइनवर फोन आला, शुद्ध मराठीत. "नमस्कार, मी साताऱ्याहून बोलत आहे. या पत्त्यावर एक मेल पाठव."

मी पाठवला. 'बाई, जेवलात का?' एवढंच. खाली, मिळाल्याचे कळवावे.

"मिळाला. आता मी उत्तर देते."

आम्ही दोघी फोन धरून बसलो. माझ्या पडद्यावर काही येईना. मग पलीकडून श्वास ऐकू आला, आणि जो आवाज आला तो माणचा होता.

"अगं, ह्ये उत्तर जुन्या पत्त्यावर निगालंय."

"जुन्या? तो अजून चालू आहे?"

"चालू हाय की. मीच ठेवाय सांगितला. मला वाटलं, जुन्या बोर्डावर कॉल आला की दिवा लागंल. आमच्या तितं लागायचा. हितं दिवा न्हाई. जाऊन दार उगडून बगाय लागतं. सगळी उत्तरं जुन्या बोर्डावर येऊन बसल्यात, आनि तितं बोर्डावर कुनीच न्हाई."

मी हं म्हटलं.

पुण्याच्या मुलानं ऐकून कपाळाला हात लावला असावा. "मला वाटलं तुम्ही तिथंही डायल करून बघताय," तो म्हणाला. त्यानं फोनवरच रकाना कसा बदलायचा ते सांगितलं. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्यावर आम्ही मुंबईचा जुना नंबर लावला. मोडेम शिट्ट्या मारत, घसा खाकरत राहिला, आणि मग एकेक करून उत्तरं उतरू लागली. बेदाण्याचे सौदे. त्या रडलेल्या आईच्या मुलाची चारही उत्तरं. कुणी कुणाला विसरलं नव्हतं. बाई प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होत्या आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता.

मस्कतचे दोन मेल होते. पहिला, आबांनी लिहिलं त्याच दिवशीचा. 'आबा, मिळालं. दिवाळीला यायचं असं पुन्हा एकदा लिहा. मग तिकीट काढतो.' दुसरा, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. 'उत्तर नाही. म्हणजे ते गावात कुणीतरी चेष्टेनं लिहिलं असणार. आबा चूक माझी असं लिहिणार नाहीत, मला माहीत आहे. मी येत नाही.'

बाई खुर्चीत बसल्या. "दोगं बी लाइनवर हुते," त्या म्हणाल्या. "वायर मी काडली." मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या रडल्या, आणि डोळे पुसायच्या आधीच पिशवी उचलली. "चल. फोन न्हाई त्येंच्याकडं. आज गेलं पायजे."

कवठे महांकाळला उतरून पुढं एका टेम्पोनं आम्ही आबांच्या वस्तीवर पोचलो. आबा बागेच्या कडेला खाटेवर बसले होते. बाईंनी आधी आपली चूक सांगितली, काही न झाकता. मग दोन्ही मेल वाचून दाखवले. 'मी येत नाही' हे वाचून झालं आणि बाईंनी कागद मांडीवर ठेवला.

"त्येला पटाय पायजे आबा, तुमीच लिवताय म्हनून. असं कायतरी सांगा, जे तुमच्याबिगर कुनाला ठावं नसंल."

आबा बागेकडं बघत राहिले. मी बाईंकडं बघितलं. आता 'हॅलो, हॅलो' येणार, असं मला वाटलं. त्या माणसाला त्या वेळी कुणी बोलायला लावू नये असं मला मनापासून वाटत होतं.

बाई काही बोलल्या नाहीत. हं म्हणा म्हणाल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. घरातून कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ज्या बाईला भरल्या गाडीतला कंडक्टरचा प्रश्नसुद्धा तसाच सोडवत नव्हता, ती आपला प्रश्न तसाच ठेवून बसली होती. माझ्यासारख्या मुक्या माणसालासुद्धा शेवटी ती शांतता जड झाली.

"लिवा," आबा म्हणाले. उभे राहिले नाहीत या वेळी. "भरतीच्या दिशी तू रांगेतनं पळालास, तवा मी भिंतीच्या आडोशाला हुतो. तुला पळताना बगितला. हाक मारली न्हाई." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "माज्या टायमाला मला बी पळायचं हुतं. मला जमलं न्हाई. तुला जमलं, त्येचा राग आलता."

मी लिहून घेत होते.

"आनि दिवाळीला यं," आबा म्हणाले.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, कुणी राहिलंय का. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. मीच म्हटलं, "नाही, जाऊ द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी भरल्या गाडीत मोठ्यानं बोलले असेन.

सेंटरवर येऊन मेल पाठवला. रकाना मी पुन्हा तपासला, बाईंनी तपासला, मग आम्ही दोघींनी मिळून तपासला. खाली, मिळाल्याचे कळवावे. त्यानंतर सेंटर बंद होईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. जेवायला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दार उघडायला आले तेव्हा त्या आधीच जिन्यात उभ्या होत्या.

मोडेमनं नवा नंबर लावला. एकच मेल होता, मस्कतचा. नव्या सर्व्हरवर आलेलं पहिलं उत्तर.

'आबा, येतो.'

बाईंनी ते वाचलं. मग चष्मा काढला, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, आणि कुणी समोर बसलेलं असावं तशा मान हलवून, हळूच म्हणाल्या, "हं."